डोंगरातली स्नोमोबाइल: झुकणं आणि टिकणं

तीन वर्षं स्नोमोबाइल (बर्फावर धावणारी गाडी) आखलेल्या ट्रेलवरच चालवली. आता कॅनडातल्या रेव्हेलस्टोकला डोंगरातल्या मोकळ्या बर्फात जायचंय. स्की-डू समिट, पोलॅरिस आरएमके आणि आर्क्टिक कॅट अल्फा वन, यांत वळवायला सोपी कोणती? – एक वाचक, कॅलगरी

खोल बर्फात गाडी नुसतं हँडल फिरवून वळत नाही, ती एका कडेवर झुकवून वळवावी लागते. म्हणून तर डोंगरी गाडीच्या दोन स्कींमधलं (पुढच्या घसरपट्ट्यांमधलं) अंतर ३६ इंचांच्या आसपास ठेवतात. ट्रेलच्या गाडीत ते ४२च्या घरात असतं. तेव्हा ‘सोपी’ म्हणताना दोन प्रश्न वेगळे विचारा: गाडी किती सहज झुकते, आणि झुकल्यावर तिथे किती ठाम राहते?

झुकायला अल्फा वन तिघींत सगळ्यात हलकी. २०१९च्या मॉडेलपासून तिच्या ट्रॅकच्या (गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) आत दोनऐवजी मधोमध एकच बीम आहे, त्यामुळे ट्रॅकच्या कडा वर लवतात. गुडघाभर भुसभुशीत बर्फात नुसता पाय दाबला तरी ती कलते. पण मार्चमध्ये दुपारी वितळलेला बर्फ रात्री गोठतो आणि वर कडक पापुद्रा धरतो. त्यावर हाच लवचीकपणा नडतो. कड रुतत नाही आणि शेपूट उताराकडे घसरत राहते.

समिटच्या टी-मोशन सस्पेन्शनमध्येही मागचा भाग बाजूला थोडा कलतो, आणि तिचा ट्रॅक १६ इंच रुंद आहे. बाकी दोघींचा १५. त्या एका इंचाचं मोल चढावर थांबून पुन्हा निघताना कळतं. समिट कमी रुतते, लवकर वर येते. दाट झाडीत पटापट बाजू बदलताना मात्र तोच इंच पायांना जाणवतो.

माझा कौल आरएमके प्रोला. ती जेवढं सांगाल तेवढीच झुकते आणि तिथेच राहते. नवख्याला हा भरवसा हवा. तिचीच बहीण खाओस नाक उचलून खेळते. ती दोन हंगामांनंतर बघा. अल्फा आवडली असेल तर आधी डीलरकडे सुट्या भागांची चौकशी करा, कारण २०२५ मध्ये आर्क्टिक कॅटची मालकी बदलली आहे.

आडव्या उतारावर मी दर वेळी दरीच्या बाजूला उलटतो. गाडीत दोष आहे का? – एक वाचक, एडमंटन

गाडी बदलू नका, पाय बदला. डोंगर डावीकडे आहे असं धरू. उजवा पाय डाव्या पायपट्टीवर, पुढे ठेवा. डावा पाय मागे मोकळा सोडा, बर्फाला घासू द्या. आता हँडल किंचित उजवीकडे, म्हणजे दरीकडे. मनाला हे पटत नाही, मलाही पटायला एक अख्खा हिवाळा लागला. भीतीने आपण हँडल डोंगराकडे वळवतो आणि नेमकी तेव्हाच गाडी सपाट होऊन खाली निघते. दुसरी चूक अंगठ्याची: घाबरून थ्रॉटल (अंगठ्याने दाबायचा वेगाचा खटका) एकदम सोडला की ट्रॅकची पकड जाते आणि सुमारे दोनशे किलोंचं धूड दरीकडे पडतं. थ्रॉटल थोडाच द्या, पण तुटू देऊ नका. आधी चार-पाच फुटांच्या उंचवट्यावर दोन्ही बाजूंनी सराव करा. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते.

ट्रॅक १५४ इंच लांबीचा घ्यावा की १६५चा? माझं वजन ८५ किलो. – एक वाचक, व्हँकुव्हर

झाडीत फिरणार असाल तर १५४. उघडे, खोल बर्फाचे चढ चढणार असाल तर १६५. मात्र घट्ट वळणाला तो जास्त जागा मागतो.

टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) हवाच का? – एक वाचक, डेन्व्हर

तुमच्याकडे हवा विरळ आहे, म्हणून प्रश्न रास्त. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते. १६५ अश्वशक्तीचं इंजिन ७,००० फुटांवर १३०च्या आसपास येतं. स्की-डूने २०२०च्या आणि पोलॅरिसने २०२२च्या मॉडेलपासून कारखान्यातूनच टर्बो दिला. पण नाकाशी वजन वाढतं, आणि जास्त ताकद चुकाही लवकर करवते. झुकवणं अंगवळणी पडेपर्यंत साधंच इंजिन ठेवा.

मुलगा कॅनडात या गाड्या चालवतो. हिमस्खलनाची धास्ती वाटते. त्याला नेमकं काय विचारू? – एक आई, पुणे

तुमची धास्ती खरी आहे. रेव्हेलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर १३ मार्च २०१० रोजी स्नोमोबाइलवाल्यांच्या मेळाव्यावर हिमकडा कोसळला आणि दोघे गेले. हिमस्खलन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, आणि डोंगरी गाडीला चढायला आवडतात तेही नेमके हेच उतार.

त्याला विचारा: ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा ठाव देणारं सिग्नलयंत्र) अंगावर बांधतोस की गाडीच्या पिशवीत टाकतोस? तो अंगावरच हवा, फावडं आणि प्रोबही (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) पाठीवरच्या पिशवीत हवेत, कारण गाडी वाहून जाते. गाडलेल्या माणसाला पहिल्या १५ मिनिटांत काढलं तरच जगण्याची आशा चांगली असते. उतारावर एका वेळी एकच गाडी जाते ना? वर कुणी अडकलं तर बाकीचे खालीच थांबतात ना? आणि मोबाइल कुठे ठेवतोस? फोनमुळे ट्रान्सीव्हरचा सिग्नल बिघडतो. एरवी दोघांत किमान २० सेंटिमीटर, शोध घेताना ५० सेंटिमीटर अंतर लागतं. छातीच्या एकाच खिशात दोन्ही असतील तर आजच फोनची जागा बदलायला सांगा.