मुलाच्या वहीत मरणाच्या कविता सापडल्या, आता काय करू?

गेल्या पावसाळ्यात एक ताई दादरला माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. छत्री मिटवायचं भानही नव्हतं. खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात एका वहीच्या पानांचे फोटो होते. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. गादी उन्हात टाकताना खाली वही सापडली आणि पानापानावर मरण. एका पानावर लिहिलं होतं, ‘आजोबा, मलाही तिकडे यायचंय.’

“मॅडम, हा जिवाचं काही बरंवाईट तर करणार नाही ना? आमच्या घरात असलं अभद्र कुणी कधी बोलत नाही हो.”

हा प्रश्न मला वर्षातून बऱ्याच वेळा ऐकावा लागतो. म्हणून मायलेकांना विचारून, त्यांची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहिते आहे.

आधी मी वहीबद्दल काहीच बोलले नाही. तो जेवतो का, झोपतो का, मित्रांशी बोलणं तोडलंय का, आवडीच्या वस्तू वाटून टाकतोय का, मध्येच ‘मी नसलो की तुमची कटकट संपेल’ असं म्हणतो का, हे विचारलं. जेवण थोडं कमी झालं होतं. बाकी सगळं होतं तसंच. तरी ‘तिकडे यायचंय’ ही ओळ मी सोडून देणार नव्हते. कवितेत असं चालतंच, म्हणून ती बाजूला ठेवणं मला कधीच पटत नाही.

दोन दिवसांनी तो आला. आईने वही वाचली म्हणून धुमसत होता, आणि ते बरोबरच होतं. मी आईला त्याच्यासमोर माफी मागायला लावली आणि मग बाहेर बसवलं. नंतर सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का तुला?”

पालक या प्रश्नाला फार घाबरतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरवल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी उघडपणे विचारलं, याने मुलांना हलकं वाटतं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “नाही. तिकडे म्हणजे शिवाजी पार्कला. स्मशानात. मला नेलंच नाही.”

आजोबा गेले त्या दिवशी त्याची प्रॅक्टिकल परीक्षा होती. पेपर बिघडू नये म्हणून घरच्यांनी सांगितलं नाही. तो घरी आला तेव्हा पलंगावरची चादर बदललेली होती. तेरावा झाला, फोटोला हार चढला, क्लास सुरू झाले. आजोबांचं नाव काढलं की आईचे डोळे भरून यायचे, म्हणून त्यानेही काढणं सोडलं.

मग त्याने स्वतःच मला एक कविता वाचून दाखवली.

‘तुमच्या कानाच्या मशीनचं दार
मी रोज रात्री उघडून ठेवतो,
सेल उतरू नये म्हणून.’

आजोबा असताना हे काम त्याचंच होतं. ते गेल्यावरही चार महिने तो रोज ते करत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

त्याने बरंच वाचलंही होतं. जपानमध्ये झेन भिक्षू आणि सामुराई मरणाआधी कविता लिहीत, तिला ‘जिसेइ’ म्हणतात, हे त्याने मला सांगितलं. 1694 साली शेवटच्या आजारपणात हायकू लिहिणाऱ्या बाशो या कवीने लिहिलेली कविता त्याला पाठ होती. प्रवासात आजारी पडलोय आणि माझी स्वप्नं सुकल्या माळावर भटकताहेत, असा तिचा अर्थ. “हे सगळे डिप्रेशनमध्ये होते का?” त्याने विचारलं. आई घरी हाच शब्द वापरत होती.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बसवलं. टागोरांनी किशोरवयात ‘भानुसिंह’ या टोपणनावाने लिहायला सुरुवात केलेली पदं 1884 साली पुस्तकरूपाने आली. त्यांत राधा मरणालाच म्हणते, तू मला श्यामासारखा आहेस. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो. तेव्हा जिवंत माणसांवर, जणू त्यांना मरण न्यायला आलंय अशी, गमतीची कवनं रचतात. मोहरमच्या मजलिशीत मर्सिया, म्हणजे शोकगीतं, म्हणतात आणि सगळे मिळून रडतात. हे मी सांगत होते आणि ताई तोंड फिरवून बसल्या होत्या.

“तुमचे वडील भजनाला जायचे ना?” मी विचारलं. “तुकोबांचा ‘आपुलें मरण’ म्हणायचे का?”

त्या थांबल्या. मग गिरगावातल्या त्यांच्या चाळीच्या गच्चीवर गुरुवारी ऐकलेली ओळ आपसूक बाहेर आली. “आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां, तो जाला सोहळा अनुपम्य.” वडील म्हणायचे त्याच चालीत म्हणाल्या. मुलगा आईकडे बघतच राहिला. हे आईला येतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

मला जे सांगायचं होतं ते तिथेच त्यांना दिसलं. भजन असो की मर्सिया, मरणावरचं गाणं माणसं चारचौघांत बसून म्हणत आली आहेत. हा पोरगा एकटा लिहीत होता आणि गादीखाली लपवत होता. मला काळजी वाटली ती कवितेतल्या मरणाची नाही, त्या एकटेपणाची.

सगळ्याच वह्या अशा निघत नाहीत. एका मुलीच्या वहीत फक्त फुलं आणि पाऊस होता, म्हणून घरचे निर्धास्त होते. तिच्या मनात मात्र ठरलेलं होतं. तिच्या मैत्रिणीने विचारलं म्हणून वेळेत कळलं. म्हणून कवितेचा विषय बघून निष्कर्ष काढू नका, मुलाला विचारा. उत्तर ‘हो’ आलं किंवा आलंच नाही, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रात्री-अपरात्री ‘टेली-मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक लागतो. त्यावर मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

एका रविवारी मायलेक चैत्यभूमीजवळ समुद्रावर गेले आणि तिथून चालत स्मशानाच्या फाटकापर्यंत. आत गेले नाहीत. आई त्या दिवसाचं सगळं सांगत होती. खांदा कुणी दिला, किती वाजले होते, पाऊस होता का. तो एकेक विचारत होता.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. “त्याने मशीनमधला सेल काढून ठेवला. वही टेबलावर उघडीच होती. मी वाचली नाही हं मॅडम. विचारलं, वाचू का? म्हणाला, उद्या.”