जहाजाचा प्रोपेलर पाण्यातच फिरतो, मग त्याला खड्डे कशाने पडतात?

गंजाने नव्हे, बुडबुड्यांनी. पातं जोरात फिरलं की त्याच्या एका बाजूला दाब इतका घसरतो की गार पाणीही उकळतं. ते वाफेचे बुडबुडे जास्त दाबात शिरले की फटकन मिटतात आणि त्या दणक्याने ब्राँझसुद्धा कणाकणाने उडतं. हेच कॅव्हिटेशन.

खड्डे तर पडतातच, पण वेगही मार खातो. इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या नौकेला १८९४ मध्ये एका प्रोपेलरने वेग येईना, शेवटी तीन शाफ्टवर (फिरत्या दांड्यांवर) नऊ बसवले, तेव्हा ती ३४ नॉटच्या (ताशी सुमारे ६३ किमी) घरात गेली.

पुण्यात समुद्र नाही, पण भोसरीत पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जुना इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, मागा. त्यावरून हाताचं बोट फिरवा, वाळवीने खाल्लेलं लाकूड वाटेल. कारण तेच.