तुर्भ्याच्या भंगारात एक निनावी वायरलेस यंत्र सापडलं. हे काय असेल? आणि बनवून झालेली यंत्रं कंपन्या रद्द का करतात?

तुमच्या वर्णनात १० इंची स्क्रीन, डोक्यावर बोटभर अँटेना, कंपनीचं नाव कुठेच नाही आणि मागे ‘विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी स्टिकर आहे. चोरीचा माल तर नाही ना, अशी शंकाही तुम्ही विचारली आहे.

आधी स्टिकरचं सांगते. अमेरिकेत रेडिओ लहरी सोडणारं असलं यंत्र विकायचं तर एफसीसी या तिथल्या सरकारी दळणवळण नियामक संस्थेची मान्यता लागते. ती मिळायच्या आधी प्रदर्शनात मांडायचं असेल, तर ‘मान्यता मिळेपर्यंत विकता किंवा भाड्याने देता येणार नाही’ असं वर लिहावं लागतं. म्हणजे तुमच्याकडे आहे तो नमुना, प्रोटोटाइप. नुसत्या त्या स्टिकरवरून चोरी ठरत नाही.

माझा अंदाज, ही ‘वेबपॅड’ घराण्यातली पाटी (म्हणजे टॅब्लेट) आहे. १९९८ च्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात नॅशनल सेमीकंडक्टरने वेबपॅड दाखवला. घरात एक बेस ठेवायचा, पाटी त्याच्याशी बिनतारी बोलणार, आपण सोफ्यावर पाय पसरून इंटरनेट बघायचं. मग बरेच जण त्या नादी लागले. इंटेलने २००१ च्या जानेवारीत आपला वेब टॅब्लेट दाखवला आणि त्याच वर्षी गुंडाळलासुद्धा.

त्या काळात मी महाप्याला, एमआयडीसीत, अशीच पाटी एका परदेशी गिऱ्हाइकासाठी बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला होते. त्यांच्या कागदावर पल्ला होता १०० फूट. त्यांची घरं लाकडाची, आतल्या भिंती प्लास्टरच्या पातळ फळ्यांच्या. आमची चाचणी कोपरखैरण्याच्या एका फ्लॅटमध्ये. बेस हॉलमध्ये, पाटी माझ्या हातात, मागे एक सहकारी वही घेऊन फरशा मोजतोय. सतराव्या फरशीला पान अर्धवट उतरून थांबलं. मध्ये नऊ इंची विटांची भिंत आणि तिला टेकून लोखंडी कपाट. एक पाऊल डावीकडे सरकले की पान पुन्हा हलायचं, कपाटाच्या आड गेले की ठप्प. गिऱ्हाइकाला कळवलं तर उत्तर आलं, कपाट हलवून बघा! (नाही हलवलं. घर आपलं, कपाट आपलं, आणि पाटीसाठी कपाट हलवायचं?) शेवटी अँटेना दोन केल्या. काम भागलं.

आणि तरीही आमचं यंत्र रद्द झालं. लोकांना वाटतं की रेडिओ (म्हणजे आतली बिनतारी जोडणी) नीट चालला नाही म्हणून असली यंत्रं मेली. बहुतेक वेळा रेडिओ ठीकच होता. गाडी अडायची ती पाटी कशाला घ्यायची या प्रश्नावर. मायक्रोसॉफ्टचा ‘मिरा’ बघा. तो रद्द नमुना नव्हे, २००३ च्या जानेवारीत खरंच दुकानात आला. मिरावर चालणारा व्ह्यूसॉनिक कंपनीचा १० इंची एअरपॅनल सुमारे १००० डॉलरला. त्यात स्वतःचं असं फारसं काही नव्हतं, घरातल्या संगणकाचाच पडदा उचलून हातात घ्यायचा. वर विंडोजच्या लायसन्सची अट अशी की तुम्ही पाटी घेऊन बसलात की टेबलावरचा संगणक दुसऱ्या कोणाला वापरता येत नसे. एका घरात एक माणूस असेल तर ठीक. वर्ष संपता संपता मिरा बंद.

कधी स्वतःच्याच घरातलं पुढचं यंत्र मागच्याला खातं. एरिक्सनने २००० मध्ये ब्लूटूथवाला टी३६ फोन जाहीर केला. तो विक्रीला आलाच नाही. २००१ मध्ये आला तो टी३९, ब्लूटूथ आणि जीपीआरएस (मोबाइलवरचं तेव्हाचं इंटरनेट) दोन्ही घेऊन. पाम कंपनीचा फोलिओ तर गाजावाजा करून मेला. ३० मे २००७ ला पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी तो मांडला, किंमत सूट धरून ४९९ डॉलर, फोनच्या ईमेलसाठी मोठा पडदा आणि कीबोर्ड. ४ सप्टेंबरला कंपनीनेच रद्द केला, एकाच नव्या प्रणालीवर लक्ष द्यायचं म्हणून. मधल्या काळात आयफोन दुकानात आला होता.

आमच्याकडे निर्णय झाला तो डायचे (म्हणजे साच्याचे) पैसे भरायच्या आदल्या आठवड्यात. प्लॅस्टिकच्या खोक्याचा डाय बनवणं हा मोठा खर्च. तो होईपर्यंत यंत्र रद्द करणं स्वस्त, झाल्यावर महाग. म्हणून पुष्कळ यंत्रं नेमकी त्याच उंबरठ्यावर संपतात. एक ईमेल आलं, ‘होल्डवर ठेवा’. होल्ड कधी उठला नाही.

तुमचं यंत्र उंबरठ्याच्या अलीकडे मेलं की पलीकडे, हे उघडून कळेल. मागचे स्क्रू काढा. खोक्याच्या आतल्या अंगाला गोल गोल ठसे असतील (डायमधून प्लॅस्टिक बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे) तर डाय झाला होता, कोणीतरी चांगलेच पैसे घातले होते. त्याऐवजी कटरचे बारीक ओरखडे आणि त्यावर फवारलेला रंग असेल तर ते मशीनवर कोरून काढलेलं, मोजकेच नग असणार. बोर्डावर केसासारख्या बारीक जंपर वायरी हाताने सोल्डर केलेल्या दिसतील. ती आमच्यासारख्यांची कारागिरी, डिझाइनमधली चूक रातोरात झाकलेली.

नवी मुंबईत असे नमुने फार का दिसत नाहीत, तर आमच्यासारख्या कंपन्यांत माल ड्युटी न भरता आलेला असायचा. काम संपलं की तो परत पाठवा, ड्युटी भरा, नाहीतर कस्टमच्या देखत नष्ट करा. इथे विकायचा तर प्रश्नच नव्हता. अशा पाट्या ज्या लहरींवर बोलायच्या, तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि घराबाहेर विनापरवाना वापरायची मोकळीक २००५ च्या जानेवारीत मिळाली. आमचे २२ नमुने होते. प्रत्येक बोर्डाला मधोमध ड्रिलने भोक पाडलं आणि सगळं वजनावर भंगारात गेलं.

चार्जर मात्र लावू नका. इतक्या जुन्या बॅटरीचा भरवसा नाही, आणि कुठली पिन धन आणि कुठली ऋण हे नमुन्यांवर लिहिलेलं नसतंच. आधी उघडा. बोर्डाला भोक असेल तर चालू करायचा नाद सोडा. आतून काळ्या मार्करने आकडा लिहिलाय का तेही बघा. १४ असेल आणि खालचा डावा कोपरा चिरलेला असेल तर मला नक्की कळवा. तो कोपरखैरण्याच्या जिन्यात माझ्या हातून पडला होता.