‘बेचिराख’ मौजा म्हणजे जळालेले गाव का?

गडचिरोलीकडच्या जुन्या महसुली कागदांत एखाद्या मौजाच्या, म्हणजे महसुली गावाच्या, नावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा आढळतो, तेव्हा ते गाव कोणी जाळले होते काय, आणि विदर्भात ज्याला ‘रिठ’ म्हणतात ते हेच काय, अशी पृच्छा आहे.

या शेऱ्याचा जाळपोळीशी काहीही संबंध नाही. मूळ शब्द फारसी ‘बे-चिराग’ असून, चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायला कोणी उरलेले नाही, ते बेचिराग. मराठीत अखेरच्या ‘ग’चा ‘ख’ झाला, शब्दाच्या शेपटाला आयती ‘राख’ दिसू लागली आणि अर्थही तिच्याकडे ओढला गेला. ‘बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झाले’ हे वाक्य आज चूक ठरवणे हा निव्वळ हट्ट होईल, कारण रूढीने तो अर्थ पक्का केला आहे. मात्र हाच अर्थ जुन्या दप्तरावर लादला, तर न घडलेल्या लुटालुटीचा इतिहास रचला जातो.

महसूल खात्याच्या दृष्टीने वस्ती उठली म्हणून मौजा संपत नाही. त्याची शीव, नकाशा व जमिनीचे गट कायम राहतात, शेजारच्या गावात राहणारे शेतकरी तेथील जमीन कसतात आणि सारा भरतात. 2011च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला 365, तर गडचिरोलीची अवघी 74 होती. अशा जंगलव्याप्त मुलखात साथ, दुष्काळ, आटलेले पाणी किंवा फिरती शेती यांपैकी कोणत्याही कारणाने गाव जागा सोडू शकते, आणि ‘बेचिराख’ हा शेरा त्यांपैकी एकही कारण सांगत नाही.

‘रिठ’ याच वस्तुस्थितीला लोकांनी दिलेले नाव असले, तरी दोन्ही शब्द सर्वस्वी समानार्थी नव्हेत. ‘बेचिराख’ हे विशेषण आहे, त्याला मौजा किंवा गाव असे विशेष्य लागते. ‘रिठ’ हे नाम असून ते उठलेल्या वस्तीच्या जागेचाच निर्देश करते, म्हणूनच ते पूर्व विदर्भातील कित्येक ग्रामनामांना कायमचे जोडले गेले आहे. जुन्या वस्तीच्या खुणांविषयी, म्हणजे पांढरीची (जुन्या गावठाणाची) माती, बुजलेली विहीर किंवा तलावाची पाळ यांविषयी लिहायचे असेल, तर मी ‘रिठ’ हाच शब्द पसंत करीन.