इंटर्नशिपमध्ये नुसतं व्हाउचिंग मिळतंय, सोडू का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बीएएफचं (बीकॉम, अकाउंटिंग अँड फायनान्स) दुसरं वर्ष झालं, घर ऐरोलीला, आणि वागळे इस्टेटमधल्या एका सीए फर्ममध्ये मे-जूनची इंटर्नशिप धरली आहेस. कधी रबाळे, कधी महापे, असं क्लायंटकडे पाठवतात, समोर फायलींचा गठ्ठा ठेवतात आणि 'टिक मारत जा' म्हणतात. हिशेबातली प्रत्येक नोंद बिलाशी पडताळून बघायची, हेच ते व्हाउचिंग. मैत्रीण तेवढ्यात घरबसल्या फायनान्शियल मॉडेलिंगचा कोर्स करतेय. तर हे सोडून तोच करावा का?

मी नौपाड्यात प्रॅक्टिस करतो, माझ्याकडेही दर उन्हाळ्यात मुलं येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

सोडू नकोस. कोर्स दिवाळीतही करता येईल. चालत्या कंपनीची खरी बिलं, खऱ्या भानगडींसकट, या वयात दुसरं कोणी हातात देणार नाही. पण तू लिहिलंयस, 'रक्कम जुळली की टिक मारते', ते मात्र आजपासून बंद कर. नुसती रक्कम जुळवायला माणूस कशाला हवा?

एक खरेदीचं बिल घे आणि त्याच्यावर पाच मिनिटं घालव. बिल कोणाच्या नावावर आहे, कंपनीच्या की डायरेक्टरसाहेबांच्या? मग जीएसटी नंबर वाच. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. आता गुजरातमधल्या वापीच्या पुरवठादाराने रबाळ्याच्या कंपनीला माल पाठवला आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातल्या विक्रीचा कर) लावलाय, तर थांब, तिथे आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा) हवा होता. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, सांगतं की समोरचा कोण आहे: पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी. बिलाच्या माथ्यावर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलंय आणि सहावं अक्षर पी आहे, असं बिल सापडलं की सीनियरला हाक मार. मग खातं बघ. नवीन एसी घेतलाय, म्हणजे ती मालमत्ता, आणि बिल 'रिपेअर्स अँड मेंटेनन्स'च्या खर्चात टाकलंय, हा प्रकार दरवर्षी कुठे ना कुठे सापडतोच. रक्कम अगदी पैशापर्यंत जुळते, पण एंट्री चुकीची असते.

रोखीची व्हाउचरं तर एकेकटी बघूच नकोस, तारखेवार बघ. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर खर्चापोटी रोख दिली तर प्राप्तिकरात तो खर्च धरत नाहीत (वाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे). त्यामुळे ९,८००, ९,९०० अशी व्हाउचरं पिकतात. मर्यादा दिवसाच्या एकूण रकमेवर आहे, म्हणून एकाच हमाली कंत्राटदाराची एकाच तारखेची दोन-तीन व्हाउचरं शेजारी ठेवलीस की चित्र दिसतं. ५,००० च्या वरच्या रोख पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प आहे का, सही प्रत्येक पावतीवर सारखी आहे का, तेही बघ. एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, चार वेगळ्या माणसांच्या सह्या, हे वाचून हसशील, पण सापडतं.

आता जे बहुतेक फर्ममध्ये कोणी इंटर्नला समजावत बसत नाही ते. टिकला दिशा असते. टॅलीतली (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली) एंट्री धरून बिलाकडे गेलीस तर कळतं की खर्च खरोखर झालाय. पण जे टॅलीत घेतलंच नाही ते या वाटेने कधीच सापडणार नाही. त्यासाठी उलटं यावं लागतं, कागदाकडून हिशेबाकडे. तुझ्या रबाळ्याच्या कारखान्यात गेटवर वॉचमनकडे आवक-जावक रजिस्टर असेल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली पानं माग. कोणता टेम्पो, गाडी नंबर, चलन नंबर, किती खोके, सगळं त्या जाड वहीत वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं असतं. तो माल विक्रीत कुठल्या तारखेला घेतलाय ते टॅलीत शोध. आणि आवकेकडून: माल ३० मार्चला आत आला, स्टॉकमध्ये मोजला गेला, बिल मात्र ४ एप्रिलला घेतलं? म्हणजे माल शिलकीत धरला, पण त्याची खरेदी धरली नाही, नफा तेवढा फुगला. यासाठी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याची खरेदीची बिलं चाळायची, आणि मे महिन्यात आलेल्या इंटर्नला ती आयती मिळतात. अकाउंटंटच्या टेबलावरच्या फायलीपेक्षा माझा वॉचमनच्या वहीवर जास्त विश्वास, कारण त्याला नफ्याशी काही देणंघेणं नसतं.

यातून काही निघालं की तोंडी सांगून सोडू नकोस, क्वेरी, म्हणजे क्लायंटला विचारायचा लेखी प्रश्न, लिही. आणि ती धड लिही. 'बिल नाही' एवढं लिहिलं तर अकाउंटंट वैतागतो आणि सीनियरही. तारीख, व्हाउचर नंबर, पार्टी, रक्कम, नेमकं काय हवंय, आणि का हवंय. 'का'ची ओळ लिहिता आली की समजायचं मुलीला ऑडिट कळायला लागलं. मुलाखतीत मी हेच विचारतो: तू काढलेली एक क्वेरी सांग आणि तिचं पुढे काय झालं ते सांग. टॅलीत किती एंट्र्या मारल्या याच्याशी मला कर्तव्य नाही.

सीनियरकडून एक काम मात्र मागून घे: एका क्लायंटचं ३१ मार्चचं बँक रिकन्सिलिएशन (हिशेबातली बँकेची शिल्लक स्टेटमेंटशी जुळवणं), सुरुवातीपासून शेवटपर्यंत तू एकटीने. दिलेले पण न वटलेले चेक बघ, आणि ते एप्रिल-मेच्या स्टेटमेंटमध्ये कधी वटले ते शोध. चेकची मुदत तीन महिन्यांची. २६ मार्चचा चेक मे संपत आला तरी वटला नसेल तर तो पार्टीला दिलाच होता का, की ड्रॉवरमध्ये पडून आहे? मार्चच्या तारखेचा चेक नुसता लिहून ठेवायचीही कारणं असतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर प्राप्तिकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो. हा नियम आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाला आणि तेव्हापासून मार्चअखेरच्या चेकांना फारच बहर आलाय.

जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) खरेदीशी जुळवायचं काम बहुधा तुझ्याच गळ्यात पडेल. कंटाळवाणं आहे, पण एक सांगतो: बिल नंबरावर एक्सेलचं व्हीलुकअप (जुळणी शोधायचं सूत्र) लावू नकोस. एकाने ००४५/२४-२५ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने नुसतं ४५. पार्टीचा जीएसटी नंबर आणि कराची रक्कम जोडून जुळव, उरलेलं हाताने.

फर्मला हाउसिंग सोसायट्यांची कामं असतील तर ती सोडू नकोस. आपल्या ठाण्यात-नवी मुंबईत त्यांना तोटा नाही. छोटा हिशेब, अख्खा एका बैठकीत डोळ्यांखालून जातो. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के दरवर्षी जमा होतोय का, भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर तर नाही ना, हे बघ, आणि मुदत ठेवींच्या मूळ पावत्या बघ. झेरॉक्स नव्हे, मूळ. तुमच्या स्वतःच्या सोसायटीचा मागच्या वर्षीचा अहवाल बाबांच्या कपाटात असेलच, आज रात्री काढून वाच.

फोनचं एक. क्लायंटच्या कागदांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायचे नाहीत, कॉलेजच्या प्रोजेक्टात कंपनीचं नाव किंवा आकडे घालायचे नाहीत, आणि पगारपत्रक पाहिलंस तर ते ठाणे स्टेशनात दहा नंबर फलाटावर मैत्रिणीला सांगायचं नाही. ट्रान्स-हार्बरच्या त्या गर्दीत क्लायंटचा अकाउंटंट तुझ्या मागेच उभा असतो.

सोडायचं कधी? तीन आठवडे नुसती टॅली एंट्री किंवा कुरिअर-चहाचीच कामं मिळत असतील, आणि स्पष्ट मागूनही बदल होत नसेल तर. आणखी एक, ज्या कंपनीचे हिशेब फर्म स्वतः लिहिते तिचंच वैधानिक (कायद्याने सक्तीचं) ऑडिट तीच फर्म करताना दिसली तर डोळे उघडे ठेव, कंपनी कायद्याच्या कलम १४४ ने ते चालत नाही. तुला तिथे काही बोलायची गरज नाही, पण आर्टिकलशिपसाठी (सीए होताना फर्ममध्ये करायच्या सक्तीच्या प्रशिक्षणासाठी) दुसरं दार ठोठाव. आर्टिकलशिप आता तीनऐवजी दोन वर्षांची झालीय, म्हणून फर्म निवडण्यात चूक झाली तर भरून काढायला वेळ कमी उरतो. ही इंटर्नशिप त्या दोन वर्षांत धरली जात नाही, हेही आधीच माहीत असू दे.

सर्टिफिकेटचं विचारलं होतंस. लेटरहेडवर, फर्मच्या नोंदणी क्रमांकासह, कधीपासून कधीपर्यंत आणि कोणत्या प्रकारचं काम केलं हे लिहिलेलं घे, क्लायंटची नावं नकोत. मजकूर तूच टाइप करून ने, सरांना फक्त सही करायची राहू दे. आणि ते जूनमध्येच हातात घे. जुलैत पगारदारांची विवरणपत्रं, मग सोसायट्या, मग ३० सप्टेंबरपर्यंतच्या वार्षिक सभा, एकदा ते चक्र सुरू झालं की सर ऑफिसात दिसतील, पण सापडणार नाहीत.