३२ इंची टीव्हीला फोर-के कशाला?

प्रश्न : आमचा टीव्ही ३२ इंची, बघणारे आम्ही दोघंच. मुलगा म्हणतो, नेटफ्लिक्सचा ६४९ रुपयांचा प्लॅन घ्या, चित्र स्वच्छ दिसेल. खरंच फरक पडतो का?
– एक वाचिका, कराड

उत्तर : काकू, आधी टीव्हीचं खोकं बघा. त्यावर ‘एचडी रेडी’ लिहिलं असेल, तर पडद्यावर साधारण १३६६ बाय ७६८ ठिपके आहेत. ६४९ मधलं फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०. ते तुमच्या पडद्यावर दिसणारच नाही! १९९ चा बेसिक प्लॅन ७२०पी, म्हणजे १२८० बाय ७२० ठिपक्यांचं चित्र देतो, तो तुम्हाला पुरे. एका वेळी एकाच पडद्यावर चालतो, पण तुम्ही तर एकत्रच बघता. वर्षाचे ५,४०० रुपये वाचतील. १४९ चा मात्र घेऊ नका, तो टीव्हीवर लागत नाही.

चित्र धूसर होत असेल, तर महागडा प्लॅन घेण्याआधी राउटर, म्हणजे वाय-फायचा डबा, कुठे ठेवलाय ते बघा. आमचा लोखंडी कपाटामागे होता. उघड्यावर, उंच ठेवला आणि अडकणं थांबलं. ७२०पी ला इंटरनेटचा ३ एमबीपीएस वेग पुरतो.

आणि रोजच्या मालिकांसाठी हे घेत असाल, तर थांबा. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर असतात, झी मराठीच्या झी५ वर.