दोन महापुरांनंतर घेतलेले गाव: घर घ्यावे, की घर आणि दोन एकर?

प्रश्न: मी 64 वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. निपाणी तालुक्यात दूधगंगेच्या काठावर आमचे घर होते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ते पूर्ण पडले, शासनाच्या 5 लाखांच्या मदतीत स्वतःची भर घालून पुन्हा बांधले, आणि जुलै 2021 मध्ये त्यातही खिडकीपर्यंत पाणी आले. तेव्हापासून मी व पत्नी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला दरमहा 4,000 रुपये भाड्याने राहतो. पहिली दोन वर्षे रात्री पाऊस लागला की मी उठून बॅटरीने उंबरा पाहत असे. ती सवय आता सुटली आहे. घरमालक हे घर आणि लागून असलेली दोन एकर काजूची जमीन 46 लाखांना विकतो आहे. नुसते घर व परसू 19 लाखांना द्यायलाही तो तयार आहे. काजूचे वर्षाला 70,000 मिळतात, असे तो सांगतो. माझ्याकडे सौहार्द सहकारी संस्थेत 14 लाख व बँकेत 12 लाखांची ठेव आहे. जुन्या घराला 9 लाख आणि सवा एकर उसाच्या जमिनीला 24 लाख येतील. ऊस वाट्याने दिला असून खर्च वजा जाता वर्षाला 60,000 मिळतात. निवृत्तिवेतन 31,000, घरखर्च 22,000. सगळे विकून दोन्ही घ्यावे, असे मला वाटते. मुलगा म्हणतो, काहीच घेऊ नका, भाड्यानेच राहा.

उत्तर: गुरुजी, सप्रेम नमस्कार. उंबरा पाहण्याची सवय सुटली, हे वाक्य तुमच्या पत्रात मी दोनदा वाचले. 2019 नंतर नदीकाठची अनेक कुटुंबे माझ्याकडे सल्ल्यासाठी आली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पैशाच्या आधी झोपेविषयीच सांगितले. त्यामुळे ही शांतता भावनेचा भाग समजून हिशोबाबाहेर ठेवावी, असे मी म्हणणार नाही. तिला काय किंमत मोजावी आणि कोठे थांबावे, एवढाच प्रश्न आहे. माझे मत असे की घर घ्यावे, दोन एकर घेऊ नयेत.

आधी मुलाचे म्हणणे पाहू, कारण आकड्यांत तो चुकत नाही. 19 लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्क, अधिभार आणि नोंदणी धरून साडेसात टक्क्यांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे दीड लाख रुपये लागतील. छपराच्या व भिंतींच्या दुरुस्तीला मी दोन लाख धरतो. म्हणजे घर साडेबावीस लाखांना पडेल. हीच रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, एप्रिल 2023 पासून चालत आलेल्या 8.2 टक्के दराने ठेवली, तर वर्षाला सुमारे 1,84,500 रुपये व्याज येईल, आणि भाडे मात्र वर्षाला 48,000 आहे. स्वतःच्या घरात राहण्यासाठी तुम्ही दरमहा साधारण 11,000 रुपयांवर पाणी सोडता, असा याचा अर्थ होतो. तरीही मी घर घ्या म्हणतो, कारण दोनदा पुराने बाहेर काढलेल्या माणसाला सत्तरीत घरमालकाने तिसऱ्यांदा सामान बांधायला लावावे, ही जोखीम व्याजाने भरून निघत नाही. आणि तुमचे निवृत्तिवेतन घरखर्च भागवून 9,000 शिल्लक ठेवत असल्यामुळे ही किंमत तुम्हांला झेपते.

दोन एकरांची किंमत मात्र झेपणारी नाही. दोन्ही घेतल्यास 46 लाख, खरेदीखताचे सुमारे साडेतीन लाख, घरदुरुस्तीचे दोन लाख आणि जमिनीला कुंपण व पाण्याची सोय करण्यास किमान चार लाख, असे साडेपंचावन्न लाख जातील. सगळे विकून तुमच्याकडे 59 लाख जमतात. मागे साडेतीन लाख उरतात. मोठ्या रुग्णालयासाठी जांबोटीहून बेळगावला जावे लागते आणि हृदयविकाराच्या एका उपचारात यांतले बहुतेक संपू शकतात. शिवाय जमिनीसाठी जाणाऱ्या 33 लाखांचे व्याज वर्षाला 2,70,000 होते. त्याच्यासमोर मालक काजूचे 70,000 सांगतो, तेही मोहोर टिकला आणि वन्यप्राण्यांनी जमीन सोडली तर. भीमगड अभयारण्याच्या या पट्ट्यात शेती राखण्याचे काम तरुण माणसालाही जड जाते. काकूंचा विचार येथे विशेष करावा. तुमच्या पश्चात त्यांना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन आजच्या रकमेपेक्षा बरेच कमी असेल, आणि अशा वेळी दोन एकर काजूपेक्षा दर तीन महिन्यांनी खात्यावर येणारे व्याज त्यांच्या अधिक उपयोगी पडेल. पत्रात तुम्ही ज्या शांततेविषयी लिहिले आहे, ती तुम्हांला भाडेकरू म्हणून, इथली एक गुंठाही जमीन नावावर नसताना लाभली आहे, हेही विसरू नये.

आता पैसा कोठून आणावा ते सांगतो. जुन्या घराचे 9 लाख आणि संस्थेतील 14 लाख मिळून 23 लाख होतात. घर त्यातच बसते. संस्थेची ठेव मी मुद्दाम पहिली मोडायला सांगतो आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकांमधील, सहकारी बँकांसह, प्रत्येक ठेवीदाराच्या ठेवींना प्रत्येक बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. सौहार्द संस्था आणि पतसंस्थांच्या ठेवींना ते नसते. संचालक ओळखीचे आहेत, लाभांश वेळेवर मिळतो, ही आपल्या भागातील नेहमीची उत्तरे मला ठाऊक आहेत, परंतु आयुष्यभराच्या बचतीतील मोठा हिस्सा अशा एका जागी ठेवणे मला कधीच पटलेले नाही. बँकेतील 12 लाखांपैकी 10 लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकावेत. तिमाहीला 20,500 रुपये येतील. या योजनेची मुदत पाच वर्षांची असते, म्हणून उरलेले दोन लाख आणि घराच्या 23 लाखांतून वाचलेले पन्नास हजार, असे अडीच लाख हाताशी राहतील असे बँकेतच ठेवावेत.

उसाच्या जमिनीविषयी मी वेगळे बोलतो, आणि येथे माझा सल्ला निव्वळ गणिताला धरून नाही. 24 लाखांच्या जमिनीतून 60,000 मिळणे म्हणजे अडीच टक्के. कागदावर ती आजच विकायला हवी. पण पुराने घर मोडते, जमीन मात्र पाणी ओसरल्यावर पुन्हा पिकते, आणि नव्या घरात तुमचे काही बिनसले तर मागे फिरण्यासाठी मोठी रक्कम उभी करणारी हीच एक वस्तू तुमच्याकडे उरते. दोन पावसाळे स्वतःच्या घरात काढा आणि मग विकायची का ते ठरवा. निपाणीसारख्या एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून दोन किलोमीटरपेक्षा दूर असलेली ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता ठरत नाही, त्यामुळे थांबल्याने भांडवली नफ्यावरील कराचा बोजा वाढणार नाही. जुन्या घराच्या विक्रीवर नफा झाला, तर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षे या काळात नवे राहते घर घेतल्यास त्या नफ्यापुरती सवलत मिळते. ती घरासाठी आहे, काजूच्या जमिनीसाठी नाही.

कागदपत्रे कन्नडमध्ये असतील. तुम्हांला कन्नड वाचता येत असले तरी मालकाशी संबंध नसलेल्या बेळगावच्या वकिलाकडून ती ओळ न् ओळ वाचून घ्या. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचे ई-स्वत्तू नमुना 9 व 11, म्हणजे मालमत्तेचे ऑनलाइन उतारे, मिळायला हवेत. ते सर्व्हे नंबरातील जमिनीवर उभे असेल तर प्रकरण किचकट होते, कारण मालक मोठ्या तुकड्यातून परसू तोडून देतो आहे; तसे असल्यास 11ई नकाशाशिवाय, म्हणजे तोडलेला तुकडा मोजून वेगळा दाखवणाऱ्या सरकारी नकाशाशिवाय, पुढे जाऊ नका. उताऱ्यावर ‘ब खराब’ म्हणून दाखवलेले क्षेत्र नाल्या-रस्त्यासारख्या सार्वजनिक उपयोगाचे असते, त्याचे पैसे देऊ नयेत. ती जमीन पूर्वी अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला शासनाने दिलेली नाही ना, हेही पाहावे, कारण शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय झालेली अशी खरेदी 1978 च्या कायद्याने रद्द होऊ शकते. पश्चिम घाटाच्या परिसंवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात खानापूर तालुक्यातील अनेक गावे आहेत. तुमचे गाव त्यात असेल तर राहण्यास अडचण नाही, पण पुढे जमीन विकसित करून भाव वाढेल या आशेवर काही घेऊ नये.

कणकुंबी-जांबोटीच्या पावसाची तुम्हांला आता सवय झाली असेल, तरी भिंत मातीची आहे की दगडाची, हे बांधकाम जाणणाऱ्याला दाखवा, कारण इकडे पूर आला नाही तरी सततच्या ओलीने भिंती बसतात. पक्के घर असेल तर खरेदीच्या दिवसापासूनच ‘भारत गृह रक्षा’ विमा घ्यावा; वादळ, पूर व भूस्खलन त्यात येतात. घर दोघांच्या नावावर करावे.

मालक घाई करील आणि मोठा संचकार, म्हणजे इसार, मागेल. एक लाखापेक्षा अधिक देऊ नका, आणि तोही संस्थेचे 14 लाख तुमच्या बँक खात्यावर प्रत्यक्ष जमा झाल्यानंतरच द्या. संस्थेने मुदत मागितली, तर मालकाला तसे स्पष्ट सांगून थांबा; तोपर्यंत 4,000 रुपये भाड्यात तुम्ही त्याच घरात राहतच आहात.